अमेरिकी रेल्वेवरची सुरुवातीची डिझेल इंजिनं: निगेटिव्ह संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी: हद्द आणि तक्ता

संग्रहात बहुतांश ६१६ या जुन्या मापाच्या रोल फिल्मच्या सुट्या निगेटिव्ह आहेत. शिवाय काही ४×५ इंची शीट फिल्म आणि कारखान्यांच्या अधिकृत फोटोंचे प्रिंट. काळ १९२५ ते १९४९ एवढाच धरला.

१९२५ का, तर सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं १००० क्रमांकाचं इंजिन त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या मालधक्क्यावर रुजू झालं. सांगाडा अल्को या इंजिन कारखान्याचा, विजेची सामग्री जनरल इलेक्ट्रिकची, डिझेल इंगरसोल-रँडचं; वजन ६० टन, ताकद ३०० अश्वशक्ती. धंद्याच्या दृष्टीने यशस्वी ठरलेलं अमेरिकेतलं हे पहिलं डिझेल. ते घेण्यामागे हौस नव्हती. १९२३ च्या कॉफमन कायद्याने न्यूयॉर्क शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी आणली होती, आणि एका आडबाजूच्या यार्डापायी विजेच्या तारा ओढणं परवडणारं नव्हतं. शेवट १९४९ ला, कारण त्या वर्षी ईएमडी या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याची एफ-७ आणि ई-८ ही मॉडेलं आली. तिथून पुढचे फोटो इतके आहेत की त्यांना वेगळा प्रकल्प लागेल.

तक्त्यात प्रत्येक निगेटिव्हला तीन रकाने: पाकिटावर काय लिहिलंय, चित्रात काय दिसतंय, निष्कर्ष काय. पहिल्या रकान्यातला मजकूर चुकांसकट जसाच्या तसा उतरवायचा, पुढे काहीही सापडलं तरी त्याला हात लावायचा नाही. १९३०च्या दशकात इंजिनांच्या निगेटिव्ह शौकिनांमध्ये सर्रास अदलाबदलीने फिरत, आणि फिरता फिरता एकाचं पाकीट दुसऱ्याला लागे. त्यामुळे पाकीट ही फक्त ऐकीव माहिती. निगेटिव्हचा काठ, इंजिनाचं छप्पर आणि चाकांच्या बोगी यांची साक्ष आधी.

११ जानेवारी: नायट्रेट वेगळं काढणं

स्कॅनिंगच्या आधी हे काम, कारण नायट्रेट (सेल्युलोज नायट्रेटच्या पायाची जुनी, सहज पेटणारी) फिल्म जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते. पाण्यात बुडवली तरी जळत राहते आणि धूर विषारी असतो. ओळखायच्या खुणा या क्रमाने पाहिल्या:

काठावर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ (सहज न पेटणारी) असं छापलंय का. ‘सेफ्टी’ दिसलं तरी डुप्लिकेट निगेटिव्हची शंका ठेवायची. मूळ फिल्मच्या काठावरची अक्षरं कॉपीतही उतरतात. खऱ्या काठाची अक्षरं ठसठशीत असतात, उतरलेली मऊ आणि करडी दिसतात.

कोडॅकच्या जुन्या शीट फिल्मच्या कोपऱ्यात खाचा असतात. काठाकडून पहिली खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असेल तर नायट्रेट, यू सारखी असेल तर सेफ्टी.

तारखेचाही आधार मिळतो. कोडॅकने ३५ मिमी स्थिर छायाचित्रणाची नायट्रेट फिल्म १९३८ मध्ये, व्यावसायिक शीट फिल्म १९३९ मध्ये थांबवली, पण ६१६ आणि ६२० सारख्या रोल फिल्म १९५० पर्यंत नायट्रेटवर निघत होत्या. म्हणजे ‘१९४६ ची आहे, सेफ्टीच असणार’ हा तर्क ६१६ ला लागू नाही, आणि आपला निम्म्याहून जास्त माल ६१६ आहे.

तुकडा जाळून पाहण्याची चाचणी केली नाही. चित्रच नष्ट करणारी चाचणी कशाला? शंका असेल तिथे नायट्रेट धरून चालायचं. पिवळट-तपकिरी झालेल्या आणि चिकट लागणाऱ्या निगेटिव्ह त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवल्या. तात्पुरत्या ठेवताना हवाबंद डबा वापरायचा नाही. बाहेर पडणारा वायू आत कोंडला की तोच उरलेल्या फिल्मला खातो.

१९ जानेवारी: पाकिटं आणि व्हिनेगरचा वास

सेफ्टी फिल्मचा अॅसिटेटही अमर नाही. आर्द्रता आणि उष्णतेत त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, पाया आकसतो, वरचं जिलेटिन आकसत नाही, मग इमल्शनला, म्हणजे चित्राच्या थराला, वळ्या पडतात. एकदा पडलेली वळी सपाट होत नाही. प्रत्येक डब्यात ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारा कागद) टाकून डबा एक दिवस बंद ठेवला. पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवीकडे झुकली तर आम्ल सुटतंय, पिवळी झाली तर ताबडतोब स्कॅन. पट्टीच्या मोजमापात पातळी १.५ ओलांडली की आम्लच पुढच्या आम्लाला वेग देतं, म्हणून त्यापुढचे डबे रांगेत सर्वांत आधी.

जुनी तपकिरी पाकिटं बदलली. त्यांच्या मधोमध डिंकाची शिवण असते आणि तिथेच चित्रावर पिवळा पट्टा उतरतो. नवी पाकिटं चार पाखांची, डिंक नसलेली, आयएसओ १८९१६ चाचणीला (फोटोला अपाय होतो का याची) उतरलेली. क्रमांक २बी पेन्सिलीने, आणि निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी लिहायचा. नंतर लिहिला तर टोकाचा ठसा इमल्शनवर उमटतो. रबरबँड गुंडाळलेल्या गठ्ठ्यांवर गंधकामुळे पट्टे पडलेले आहेत. ते निघणार नाहीत, त्यांची नोंद फक्त.

२७ जानेवारी: ६१६ साठी चौकट

६१६ ची फिल्म ७० मिमी रुंद, १२० ची ६१.५ मिमी. म्हणून बाजारातल्या १२० च्या होल्डरमध्ये ती बसत नाही, आणि तिरकी घालून बसवली तर काठ कापला जातो. काठच तर पुरावा आहे. दोन मिमी जाडीच्या काळ्या मॅट अॅक्रिलिकची चौकट कापून घेतली. खिडकी ७१ × ११८ मिमी, म्हणजे ६५ × ११० मिमीचं चित्र आणि भोवतीचा सगळा काठ एकाच स्कॅनमध्ये येतो. वर अँटी-न्यूटन काच, तिची खरखरीत बाजू फिल्मच्या गुळगुळीत पाठीकडे. साधी काच ठेवली तर ती पाठ जिथे काचेला चिकटते तिथे इंद्रधनुषी वर्तुळं येतात, आणि सगळ्यात जास्त दिसतात ती मोकळ्या आकाशात.

२४०० पीपीआयला (इंचाला २४०० पिक्सेल) फक्त चित्राचा भाग सुमारे १०,३९० × ६,१४० पिक्सेल होतो. १६-बिट करड्या छटेत ती टिफ फाइल १२८ मेगाबाइटच्या आसपास. यापुढे रिझोल्यूशन वाढवलं की चांदीचे कण मोठे दिसतात, बिल्डर्स प्लेटवरचा (इंजिनावरची कारखान्याची पाटी) अनुक्रमांक मात्र वाचता येत नाही तो नाहीच येत. तीन निगेटिव्हवर ४८०० ला करून पाहिलं आणि सोडून दिलं.

३ फेब्रुवारी: स्कॅनिंगच्या सूचना, चिकटवून ठेवाव्यात अशा

इन्फ्रारेडवर चालणारी धूळ काढण्याची सोय बंद. रूपेरी कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला अख्खं इंजिन म्हणजेच धूळ वाटते.

धूळ फुंकणीने, मग मऊ ब्रशने. ९९ टक्के आयसोप्रोपिल फक्त पाठीच्या बाजूला, आणि तेही काठावर शाईत काही लिहिलेलं नसेल तरच. शाई जाते, नोंद जाते.

इमल्शनची बाजू ओळखायची ती तिरप्या उजेडात: जी निस्तेज ती इमल्शन. उलट स्कॅन झालं तर इंजिनाचा क्रमांक आरशातला दिसतो, तेव्हा लक्षात येतं. पण क्रमांक १०१, १११, ८०८ असले की फसगत होते. मग रेल्वेचं नाव किंवा मालडब्यावरची अक्षरं पाहायची.

टोनची वक्ररेषा मूळ फाइलवर लावायची नाही. सावलीतल्या बोगीचा तपशील बाहेर काढायचा तर प्रतीवर काढा.

१० फेब्रुवारी: खोकी, झेफर आणि एक खोटं डिझेल

बॉक्सकॅबपासून ओळख सुरू. सगळी एकाच खोक्यासारखी, दोन्ही टोकांना केबिन, छपरावर रेडिएटरच्या नळ्या. बॉल्टिमोर अँड ओहायोचं १ क्रमांकाचं इंजिन आणि न्यू जर्सीचं १००० हे दोन्ही ६० टनी, सख्ख्या भावांसारखे. ३०० अश्वशक्तीचं एक डिझेल असलेलं ६० टनी आणि दोन डिझेलांचं १०० टनी यांतला फरक लांबीवरून करायचा. बोगी दोघांच्याही दोन धुऱ्यांच्याच, त्यामुळे चाकं मोजून उपयोग नाही.

मग आली ‘डिझेल स्ट्रीमलायनर १९३४’ असं लिहिलेली पाकिटं. त्यातली बरीच युनियन पॅसिफिकच्या एम-१०००० ची निघाली. ही गाडी डिझेलची नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये आलेल्या या अॅल्युमिनियमच्या गाडीत ठिणगीवर चालणारं, विंटन कंपनीचं ६०० अश्वशक्तीचं इंजिन होतं, इंधन डिस्टिलेट (एक खनिज तेल). डिझेल आलं ते तिच्या पुढच्या एम-१०००१ मध्ये. संग्रहातून बाहेर काढली नाही. निष्कर्षाच्या रकान्यात ‘डिझेल नव्हे’ आणि तुलनेसाठी ठेवली. १९४२ मध्ये ती गाडी भंगारात गेल्यामुळे तिचे चांगले फोटो सोडवत नाहीत.

बर्लिंग्टन रेल्वेची झेफर मात्र खरी डिझेल. बड कंपनीने बांधलेली स्टेनलेस स्टीलची तीन डब्यांची सलग गाडी, आत विंटन २०१-ए, ८ सिलिंडर, ६०० अश्वशक्ती. २६ मे १९३४ ला डेन्व्हर ते शिकागो हे १,०१५ मैल तिने १३ तास ५ मिनिटांत कापले. त्या दिवसाचे म्हणून जे फोटो आहेत त्यांत आधी क्रमांक पाहायचा. ९९०० असेल तरच पुढे बोलायचं. ९९०१ आणि ९९०२ या ट्विन झेफर १९३५ च्या, आणि तसाच चेहरा असलेली बॉस्टन अँड मेनची फ्लाइंग यँकीसुद्धा १९३५ ची. चौघींचं नाक सारखं, उतार सारखा.

बॉल्टिमोर अँड ओहायो ५० (१९३५, १,८०० अश्वशक्ती) हे एकच इंजिन तीन मालकांकडे भेटतं: आधी तिथे, मग आल्टनवर, शेवटी गल्फ, मोबाइल अँड ओहायोवर १२०० क्रमांकाने. मध्ये त्याला उतरतं नाकही बसवलं होतं. आता ते सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात आहे. तक्त्यात इंजिन एक, ओळखी तीन.

१८ फेब्रुवारी: एफटी ओळखताना

एफटी म्हणजे ईएमडीच्या एफ मालिकेतलं पहिलं मॉडेल. संग्रहातला सर्वात मोठा गठ्ठा हाच, आणि सर्वाधिक चुकीच्या मथळ्यांचाही. गोल नाकाचं दिसलं की ‘एफ-३’ असं लिहून मोकळं होण्याची सवय पाकिटांवर जागोजागी दिसते.

बाजूच्या गोल खिडक्या आधी. एफटीला चार, जवळजवळ, मधल्या भागात एका गटात. एफ-२ आणि सुरुवातीच्या एफ-३ ला तीन, दूर दूर. नंतरच्या एफ-३ ला दोन. एफ-७ लाही दोनच, पण वरच्या बाजूला सलग आडवी पोलादी जाळी.

मग छप्पर. एफटीचे चार पंखे यांत्रिक जोडणीने फिरतात आणि दोन-दोनच्या जोड्यांत दोन टोकांकडे, छपरात बसवलेले आहेत. एफ-२ पासून पंखे विजेवर गेले आणि चारही एका ओळीत मध्ये आले. सुरुवातीच्या एफ-३ वर ते टोपल्यांसारखे उंच दिसतात, पुढे बुटके झाले. पुलावरून किंवा सिग्नलच्या मनोऱ्यावरून काढलेला एखादा फोटो खालून काढलेल्या दहा फोटोंचा प्रश्न सोडवतो. असे फोटो तक्त्यात ‘छप्पर’ म्हणून वेगळे टॅग केले. शौकीन ज्यांना फेज एक, फेज दोन म्हणतात त्या कारखान्याच्या संज्ञा नव्हेत, म्हणून मॉडेलच्या रकान्यात लिहायच्या नाहीत, शेऱ्यात लिहा.

ई मालिकेशी गोंधळ सहसा होत नाही. तिच्या बोगीला तीन धुऱ्या, एफच्या बोगीला दोन. ई-३ ते ई-६ चं नाक जास्त लोळतं, ई-७ पासून ते एफसारखं उभट होतं. ई-७ च्या खिडक्या चौकोनी, ई-८ च्या गोल.

१०३ क्रमांकाबद्दल वेगळी सूचना. नोव्हेंबर १९३९ मध्ये बाहेर पडलेला हा प्रात्यक्षिकाचा संच: चार युनिटं, प्रत्येकी १,३५० मिळून ५,४०० अश्वशक्ती. अकरा महिन्यांत २० रेल्वेंवर ८३,७६४ मैल, म्हणजे सुमारे १ लाख ३५ हजार किमी फिरला. त्यामुळे फोटोत मागे एका रेल्वेचं स्टेशन, शेजारी दुसऱ्या रेल्वेचे डबे आणि इंजिन कारखान्याचंच. ‘रेल्वे’ हा एकच रकाना इथे अपुरा पडला. इंजिनाचा मालक आणि रुळाचा मालक असे दोन केले. कारखान्याचं नाव १९४० अखेरपर्यंत ईएमसी, १ जानेवारी १९४१ पासून ईएमडी. १९३९ च्या फोटोखाली ईएमडी लिहिलेलं असेल तर मथळा नंतरचा. पुढे हा संच सदर्न रेल्वेने घेतला आणि पहिलं युनिट ६१०० झालं.

२४ फेब्रुवारी: अल्को आणि बाल्डविनचे शंटर

यार्डातल्या या इंजिनांकडे फोटोग्राफरने पाठ फिरवलेली असते, ती बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी मागे उभी सापडतात.

अल्कोची एचएच मालिका (१९३१ ते १९४०): हुड केबिनच्या छपराइतकं उंच. पुढच्या एस-१ आणि एस-२ मध्ये आतलं ५३९ जातीचं डिझेल चौकटीत खाली उतरवलं, हुड बुटकं झालं, चालकाला पुढचं दिसू लागलं. एस-१ (६६० अश्वशक्ती) की एस-२ (१,०००) हे धुराड्यावरून: टर्बो असलेल्या एस-२ चं जाड, एस-१ चं बारीक. शिवाय एस-२ च्या रेडिएटरची झडप जास्त लांब. दोघांखाली अल्कोच्या ब्लंट बोगी असतात, ज्यांची बाजू कमानीसारखी वाकलेली दिसते. सरळ बाजूची एएआर (अमेरिकी रेल्वे संघटनेच्या प्रमाणाची) बोगी दिसली तर सहसा एस-३ किंवा एस-४, म्हणजे आपल्या हद्दीच्या टोकावर किंवा बाहेर.

बाल्डविन व्हीओ-१००० ची बरीच इंजिनं एका ओळीत चार छोट्या धुराड्यांवरून लांबून ओळखू येतात. एकच धुराडं असलेलीही आहेत, तिथे घाई करू नये.

अल्कोच्याच आरएस-१ (१९४१) च्या फोटोत तारीख १९४२ आणि धुऱ्या सहा असतील तर ते सैन्याकडे गेलेलं असू शकतं. पहिली १३ सरकारने ताब्यात घेऊन ट्रान्स-इराणियन रेल्वेसाठी सहा धुऱ्यांची करून घेतली होती. अल्कोच्या पुढच्या पिढीतलं २५१ इंजिन आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये आलं. कल्याण किंवा पुण्याच्या शेडजवळ राहिलेल्यांना त्याचा आवाज सांगायला नको.

३ मार्च: रंग कृष्णधवलात शोधणं

कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म १९३१ ची, आणि १९५६ मध्ये व्हेरिक्रोम पॅन येईपर्यंत ती ऑर्थोक्रोमॅटिक होती: तिला लाल दिसत नाही. सांता फे रेल्वेच्या प्रवासी इंजिनांचं लाल नाक तिच्यावर जवळजवळ काळं येतं. निळा अपेक्षेपेक्षा फिका, पिवळा अपेक्षेपेक्षा गडद. सांता फेच्या मालवाहू एफटीचा रंग निळा-पिवळा, म्हणजे या फिल्मवर दोन्ही रंग एकमेकांकडे सरकतात आणि पट्ट्यांची सीमा पुसट होते. पॅनक्रोमॅटिक (लालही दिसणाऱ्या) प्लस-एक्स किंवा सुपर-डबल-एक्सवर तीच सीमा स्पष्ट.

म्हणून रंगाबद्दल काही लिहिण्याआधी फिल्म कोणती ते ठरवायचं. काठावर नाव असेल तर प्रश्न नाही. नसेल तर चित्रात रंग पक्का माहीत असलेली वस्तू शोधायची. विटांची भिंत काळीठिक्कर आणि आकाश पांढरंफेक असेल तर ऑर्थो. फक्त आकाशावर विसंबू नये, पॅनवर पिवळा फिल्टर नसेल तरी ते फिकंच येतं.

इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. सांता फेने युद्धानंतर काही एफटींना वाफेची जनित्रं बसवून प्रवासी गाड्यांना लावलं आणि लाल-रूपेरी रंगवलं. तेव्हा ‘एफटी म्हणजे निळं-पिवळं’ असा नियम नाही.

ताडून पाहायला छायाचित्रकार जॅक डेलानोचे मार्च १९४३ चे रंगीत फोटो उपयोगी. अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयासाठी त्याने सांता फेवर कोडॅक्रोमवर काम केलं. आल्बुकर्कच्या स्टेशनात सुपर चीफ ही गाडी धुतली-भरली जातानाचा फोटो त्यातलाच. मूळ मथळा म्हणतो की या डिझेल गाड्यांच्या सर्व्हिसिंगला पाच मिनिटं लागतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात तो उपलब्ध आहे, सरकारी काम असल्याने वापरावर बंधन नाही. पडद्यावरचा लाल प्रमाण मानू नये, फक्त कुठला भाग कोणत्या रंगाचा ते त्यावरून घ्यावं.

११ मार्च: तारखा

इंजिन कधी बांधलं त्यावरून फोटो कधीच्या आधीचा नाही ते कळतं, क्रमांक बदलला त्या तारखेवरून कधीच्या नंतरचा नाही ते. मधली फट भरायला शेजारचे मालडबे. अमेरिकी मालडब्यावर रिकाम्या वजनाशेजारी वजन केल्याचा महिना आणि वर्ष रंगवलेलं असतं, नव्या डब्यावर आधी ‘न्यू’. ‘न्यू ५-४१’ वाचता आलं की फोटो मे १९४१ च्या आधीचा असूच शकत नाही. ठरावीक काळाने पुन्हा वजन व्हायचं, त्यामुळे अनेक डब्यांमधली सर्वात उशिराची तारीख घ्यायची. सर्वात जुनी घेऊन काही सिद्ध होत नाही. मोटारींच्या नंबरप्लेटवरही बऱ्याच राज्यांत वर्ष असे.

तक्त्यात तारीख एक नको. ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ असे दोन रकाने.

१६ मार्च

१९४२ ते १९४५ चे फोटो विरळ. युद्धात रेल्वेच्या आवारात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला हटकलं जाई. एफटींचा मोठा हिस्सा नेमका याच वर्षांत बांधला गेला. त्यामुळे नव्या कोऱ्या एफटीचा शौकिनाने काढलेला फोटो म्हणून काही आलं, तर तारीख दोनदा तपासायची. न्यू हेवन रेल्वेच्या डीएल-१०९ या अल्को इंजिनांचंही तसंच. साठ इंजिनं, दिवसा प्रवासी आणि रात्री माल, पण फोटो बहुतेक दिवसाच्या गाड्यांचेच.

२२ मार्च: हक्क

निगेटिव्ह हातात आहे म्हणून तिचा कॉपीराइट हातात येत नाही, ही गोष्ट पहिल्या पानावर. अमेरिकी कायद्याप्रमाणे प्रसिद्ध होऊन ९५ वर्षं उलटलेलं मोकळं. १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेलं आणि २८ व्या वर्षी नूतनीकरण न केलेलंही मोकळं. कारखान्यांचे बरेच जाहिरात फोटो यात येण्याची शक्यता आहे, पण प्रत्येकाची नोंद पाहावी लागेल. कधीच प्रसिद्ध न झालेली शौकिनाची निगेटिव्ह मात्र फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं बांधलेली, आणि फोटोग्राफर कोण तेच ठाऊक नसेल तर काढल्यापासून १२० वर्षं. म्हणजे ६१६ चा सगळा गठ्ठा कुलपातच. त्यांच्या फक्त छोट्या प्रतिमा आणि तक्ता खुला करायचा.

२ एप्रिल: थंडीत

स्कॅन आणि तपासणी झालेला पहिला भाग फ्रीझरमध्ये गेला, उणे १८ अंशांवर. पाकिटांचा गठ्ठा कार्डबोर्डच्या डब्यात, डबा एका झिप पिशवीत, आर्द्रतेचं कार्ड आणि दुसरी पिशवी. कार्ड दोन पिशव्यांच्या मध्ये, बाहेरून वाचता येईल असं. डबा भरताना खोलीची आर्द्रता ३० ते ४० टक्के हवी. पावसाळी दिवशी भरलेला डबा आत ओलावाच साठवतो. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. नायट्रेटसाठी वेगळा फ्रीझर, दारावर ठळक पाटी.

बाकी राहिलेलं: दोन टोकांना वेगवेगळे क्रमांक दिसणारी एक एफटी जोडी. ए (केबिन असलेलं) आणि बी (बिनकेबिनचं) युनिट सहसा मधल्या पक्क्या दांड्याने जोडलेली असत, सहज सुटत नसत, म्हणून क्रमांक मिळत नसतील तर त्या दोन वेगळ्या जोड्या असण्याची शक्यता जास्त. सांध्यावर कप्लर आहे की दांडा हे पाहायला त्या निगेटिव्हचा तेवढाच भाग ४८०० ला पुन्हा स्कॅन करायचा आहे.